बॅग मी आपटली

मंगळवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.

गोल्फ खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणाऱ्या आम्हा कॅडींच्या खोलीत कोमट पाण्याची बादली घेऊन साहेबांचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, धूत बसलो होतो. साहेब दारात येऊन ओरडले, "मास्तर, आंघोळ घालतोयस का त्यांना? पूस आणि चल!"

क्लबच्या तोंडावर बारीक खाचा असतात. त्यांत माती राहिली की चेंडू हवा तसा सुटत नाही. ती ब्रशनेच काढावी लागते. हे साहेबांना माझ्याआधीपासून माहीत आहे. घाई केली आणि चेंडू वाकडा गेला, तर माझ्याच नावाने शंख करणार. घाई नाही केली तर आत्ता करणार. पुसले आणि निघालो.

मास्तर म्हणतात ते कौतुकाने नव्हे. मी नववीत शाळा सोडली, पण शुद्धलेखनात माझा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. एकदा मैदानावरच्या पाटीतली चूक मी त्यांना दाखवली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. बाकीचे कॅडी साहेबांना भट्टी म्हणतात. मी म्हणत नाही. इथे फक्त लिहितो.

परवापासून वर्षातली शेवटची स्पर्धा. वर्षभराच्या यादीत पहिले साठ खेळाडू पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धा खेळतात. साहेब त्रेसष्टावे आहेत. ते साठात आले तर मलाही वर्षभराचं काम. नाही आले तर मी पुन्हा फाटकाशी उभा राहून "कॅडी हवा का" विचारणार.

मला राग येत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ताईचं म्हणणं वेगळं आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

पहिला दिवस. अठरापैकी अकराव्या होलवर हातभर अंतरावरचा चेंडू होलच्या कडेवर फिरून बाहेर आला. साहेबांनी पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा क्लब, गुडघ्यावर घेतला आणि काडीसारखा मोडला.

नियम असा की रागाने मोडलेल्या क्लबच्या जागी त्या दिवशी दुसरा घेता येत नाही. मग उरलेले सगळे होल साहेबांनी वाळूतून चेंडू काढायच्या क्लबच्या कडेने पूर्ण केले. लोक हसत होते. तुकडे उचलायला मी. ते बॅगेत नीट बसेनात, एक सारखा माझ्या मानेला टोचत होता. वर साहेब म्हणतात, "तोंड कशाला पाडलंयस? तुझा मोडला का?"

एक गोष्ट मला अजिबात कळत नाही. फटक्याने उखडलेलं गवत परत जागेवर बसवणं हे कॅडीचं काम. साहेब मला ते करू देत नाहीत. शिव्या देत देत स्वतः वाकतात, स्वतः बसवतात, वर बुटाने दाबतात. बघणाऱ्याला वाटत असेल, कॅडी कामचुकार आहे.

आमच्याबरोबर आज साखरसाहेब होते. हे नावही कॅडींनीच ठेवलं, पण प्रेमाने. चुकलेल्या फटक्यालासुद्धा हसतात. मला म्हणाले, "काय कॅडीराजे, भाऊ काय म्हणतात?" मला भाऊ नाही, बहीण आहे. पण चौकशी केली. आमच्या साहेबांनी दोन वर्षांत केलेली नाही. आणि नशीब पाहावं तर त्यांचं. त्यांचा चेंडू कितीही उंच गवतात जावो, ते एकटे पुढे जाऊन शोधतात आणि नेहमी चांगल्या, उघड्या जागी सापडतो. आमचा बघावा तर मुळांत रुतलेला.

शनिवार, १६ नोव्हेंबर.

साहेब आज चांगले खेळले. त्यामुळे रागावले नाहीत असं नाही. छायाचित्र काढणाऱ्यावर रागावले, वाऱ्यावर रागावले, एका कावळ्यावरही रागावले. पण उद्या असाच खेळ झाला तर साठात येतील.

घरी आलो तेव्हा ताई शिवणाच्या यंत्रावर होती. ती घरी बसून पडदे शिवून देते. मी तिला दिवसभराचं सगळं सांगत होतो आणि भांडी घासत होतो. ती यंत्र थांबवून म्हणाली, "त्या पातेल्यानं तुझं काय वाकडं केलंय?"

"काही नाही."

"मग हळू घास. त्याला वाटेल तूच भट्टीचा धाकटा भाऊ."

या घरात कोणाला काही सांगायची सोय नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर.

जसं घडलं तसंच लिहितो.

सतरावा होल. त्याच्यानंतर एकच उरला होता. फलकावर साहेबांची जागा अशी होती की दोन्ही होल सरळ खेळले तरी साठात आले असते. मी म्हणालो, वारा समोरून आहे, सहा नंबरचा क्लब घ्या. नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो. ते म्हणाले सात पुरेल. सातने मारला. चेंडू कमी पडला आणि ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, अलीकडे उंच गवतात गेला.

तिथपर्यंत चालत जाताना साहेब माझ्याकडे न बघता बोलत होते. "सहा, म्हणे सहा! तू सहा म्हणालास आणि माझं मन दोन ठिकाणी झालं. तोंड बंद ठेवता येत नाही? बॅग उचलायला ठेवलाय तुला. शिकवायला नाही."

मी बरोबर होतो. सहा नंबरच हवा होता. हे जगात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक माझ्यावरच ओरडत होता.

चेंडू सापडला. गवताच्या झुबक्यावर, वर टेकलेला. शेजारी मी बॅग खाली ठेवली.

चेंडू डुलला. डुलला म्हणजे जागच्या जागी हलला आणि परत तिथेच थांबला. तसं असेल तर दंड नसतो. जागा सोडली तर एक फटका दंड, आणि या खेळात फटके ज्याचे कमी तो पुढे. नियमात हे स्पष्ट आहे.

साहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हलला."

"डुलला, साहेब."

"झुबक्यावर होता. आता खाली आहे."

"कोणी पाहिलं नाही, साहेब." मी हे हळू म्हणालो.

"मी पाहिलं ना. मी काय झाड आहे?"

आजही साखरसाहेब आमच्याबरोबर खेळत होते, त्यांना साहेबांनी हात वर करून बोलावलं. ते मैदानाच्या पार दुसऱ्या कडेला होते, हसत आले. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, कशाला एवढं? डुलला असेल. मी तर काही पाहिलं नाही बुवा."

"तुला साक्षीला नाही बोलावलं. सांगायला बोलावलंय. माझं कार्ड तुझ्याकडे आहे, त्यावर एक फटका वाढव."

मग साहेबांनी चेंडू उचलून झुबक्यावर होता तिथे ठेवला, फटका मारला, आणि तो होलपाशी जाऊन थांबला. वर्षभरात इतका सुंदर फटका मी पाहिला नव्हता. अठरावाही सरळ गेला.

यादी लागली. साहेब एकसष्टावे. एका फटक्याने.

मी वाट बघत होतो, आता ओरडतील, आता ओरडतील. गाडीत बॅग ठेवली तरी गप्प. "जा घरी," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं आणि मोकळा झालो असतो. एवढीही माणुसकी दाखवली नाही.

एका फटक्यासाठी स्वतःचं वर्ष घालवलं, माझंही घालवलं. कोणी विचारलं होतं?

सोमवार, १८ नोव्हेंबर.

पेपरात खेळाच्या पानावर आलंय: रागाच्या भरात चेंडूला लाथ, संधी हुकली. खाली साखरसाहेबांचं म्हणणं. "मी नीट पाहिलं नाही. तो चिडलेला होता खरा. पाय लागला असेल बिचाऱ्याचा. माणूस मनाने वाईट नाही." किती सांभाळून बोलले आहेत. वाईट एक शब्द नाही. तरी वाचून माझे कान तापले. का ते सांगता येत नाही.

दुपारी कॅडींच्या फळ्यावर नोटीस लागली. शिस्तभंगाची चौकशी, बुधवारी सकाळी दहा वाजता. पटर मोडणे आणि चेंडूला लाथ मारणे. लाथेचं खरं ठरलं तर साहेबांवर दोन महिने बंदी. आणि डिसेंबरच्या तीन-चार तारखेला पात्रता स्पर्धा आहे. साठाबाहेरच्यांना परत यायचा तेवढा एकच दरवाजा. बंदी आली की तोही बंद.

संध्याकाळी साखरसाहेबांचा फोन. त्यांनी स्वतः केला! त्यांचा कॅडी गावी चाललाय, जानेवारीपासून मी येईन का? मी फोन कानाला धरून उठून उभाच राहिलो. पगार चांगला. ठेवताना म्हणाले, "फक्त एक कर हं. या चौकशीच्या भानगडीत पडू नकोस. कॅडीचा बिल्ला फार नाजूक असतो, एकदा गेला की गेला."

बरोबरच आहे. बिल्ल्याशिवाय मोठ्या स्पर्धेच्या मैदानात पाऊल टाकता येत नाही. माझ्या भल्याचंच सांगितलं.

ताईला सांगितलं. ती टाचण्या तोंडात धरून ऐकत होती. टाचण्या काढून तिने एवढंच विचारलं, "लाथ कोणी मारली?"

"कोणी नाही."

"मग चेंडू कसा हलला?"

"डुलला."

ती पुन्हा टाचण्या तोंडात धरून कामाला लागली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.

साहेबांच्या घरी गेलो. तिसरा मजला, जिना अंधारा. जिंकलेला मोठा करंडक दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवलाय. साहेब स्वयंपाकघराच्या ओट्यावर पटरचे तुकडे जोडत होते. तो पटर पुन्हा कधी जोडला जाणार नाही, हे मलाही दिसत होतं.

मी म्हणालो, "साहेब, उद्या काय सांगणार?"

"चेंडू हलला, मी फटका धरला. संपलं."

"लाथेचं?"

"लाथ मारली नाही म्हणून सांगेन. पटतंय का बघू. माझं तोंड बघून कोणाला पटणार?"

"पण बॅग..." मी थांबलो. "बॅगेचं सांगणार का?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बॅग माझी. कॅडी माझा. चेंडू माझा. कॅडीने केलं ते खेळाडूने केलं, नियम आहे. तुझं काय आहे यात?"

"मी..."

"तुझं काय आहे यात, मास्तर? तू घरी जा. चिकटपट्टी धर आधी, इथे."

मी चिकटपट्टी धरली. मग घरी आलो.

माझं काय आहे यात! दोन वर्षं त्या मैदानावर मी नव्हतोच का? सहा नंबर सांगणारा कोण होता? बॅग वाहणारा, मानेला तुकडे टोचून घेणारा कोण होता? मी म्हणजे बॅगेचा बंद आहे, की ब्रश आहे? स्वतःची चूक असेल तर स्वतःची, आणि माझी असेल तरी स्वतःची. मला हिशेबातच धरायचं नाही. गवतसुद्धा बसवू देत नाहीत. इतका अपमान त्यांनी दोन वर्षांच्या शिव्यांत केला नव्हता.

जेवताना माझ्या हातून ताटली फुटली.

"डुलली का रे?" ताई म्हणाली.

मी बाहेर जाऊन बसलो. आत यंत्र चालू झाल्याचा आवाज आला आणि मग मी परत आत गेलो. आता लिहितो. चेंडू हलला. झुबक्यावरून खाली आला, बोटभर. आणि बॅग मी ठेवली नव्हती.

बुधवार, २० नोव्हेंबर.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याचे पेले झाकलेले. तिघं पंच. मधल्या बाई मुख्य. साहेब एका बाजूला बसले होते, त्यांचा कोट दंडात घट्ट होत होता. साखरसाहेब साक्षीला आले होते. मला बोलावलं नव्हतं. दारावरच्या माणसाला मी बिल्ला दाखवला आणि आत गेलो.

बाई म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"कॅडी. यांचा." माझा आवाज फाटला. "बॅग मी आपटली. बॅगेने चेंडू हलला. लाथ कोणी मारली नाही."

साहेब खुर्चीवरून उठले. "याला कोणी बोलावलं? बाहेर काढा याला! याचं काही नाही यात!"

"आहे!" मी म्हणालो. बहुतेक ओरडलोच, कारण पेल्यावरचं झाकण वाजलं. "आहे माझं यात! मी आपटली, यांनी नाही. हे नेहमी असंच करतात!"

"बसा दोघंही," बाई म्हणाल्या. दोघंही बसलो. "ठेवताना हातून सुटली का बॅग?"

हो म्हणालो असतो तर बहुतेक तिथेच मिटलं असतं. त्यांनी तसं विचारलंही होतं.

"नाही. आपटली."

"का?"

"राग आला होता."

"कोणाचा?"

मी साहेबांकडे बोट दाखवलं. एक पंच खोकले. साहेब टेबलावरच्या हिरव्या कापडाकडे बघत होते, त्यांची मान लाल झाली होती.

"आणि खेळाडूला हे माहीत होतं?"

"समोर उभे होते."

"मग यांनी आम्हाला का नाही सांगितलं?"

"ते त्यांना विचारा," मी म्हणालो. "मला कळलं असतं तर मी इतका चिडलो नसतो."

बाईंनी साखरसाहेबांना विचारलं, तुम्ही लाथ पाहिली का? ते हसून म्हणाले, नाही नाही, मी फक्त शक्यता बोललो होतो, पेपरवाले काय, काहीही छापतात.

निकाल: साहेबांना पटर मोडल्याचा दंड, बंदी नाही. माझा बिल्ला सहा महिने जप्त. तो गळ्यातून काढताना दोरी कानाला अडकली. साखरसाहेबांनी मदत केली. म्हणाले, "कोणी जबरदस्ती नव्हती ना केली तुझ्यावर?" मग म्हणाले, त्यांना जानेवारीसाठी माणूस मिळाला आहे.

गाड्या लावतात तिथे साहेबांनी मला गाठलं आणि सुरुवात केली. मूर्ख, गाढव, मास्तर कसला, बिनडोक, हातातलं काम घालवलंस, मी सांगितलं होतं घरी जा! माळी नळी बंद करून ऐकत उभा राहिला.

मीही सुरू झालो. मला वाटलं नव्हतं मी होईन. सहा नंबरपासून सुरुवात केली. मग पटरचे तुकडे, मग गवत, मग कावळा. दोन वर्षांतलं एकेक. साहेबांनी मध्ये तोंड उघडलं तर म्हणालो, "थांबा, माझं झालं नाही!" आणि खरंच झालं नव्हतं. माझं झाल्यावर त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला.

मग म्हणाले, "सहाच होता तो."

आणि गाडीत बसून निघून गेले. मला बसथांब्यापर्यंतही सोडलं नाही.

बुधवार, ४ डिसेंबर.

पात्रता स्पर्धा संपली. दोन्ही दिवस तिकीट काढून दोरीच्या बाहेरून पाहिली. बाहेरून सगळं उलटं दिसतं. साहेबांची बॅग एका नवीन माणसाकडे होती. तो प्रत्येक गोष्टीला "हो साहेब" म्हणत होता. चुकीचं अंतर सांगितलं तरी हो साहेब, साहेब चुकले तरी हो साहेब.

आज चौदाव्या होलवर साहेबांनी आठ नंबर काढला. तिथे तो क्लब चालणारा नव्हता. लहान मुलालाही कळलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "सात!" सगळे लोक वळून बघायला लागले. बाहेरून खेळाडूला सल्ला द्यायची बंदी आहे आणि हे मला माहीत आहे, पाठ आहे. राखणदार धावत आला.

साहेबांनी दोरीकडे पाहिलं. मला वाटलं आता क्लब फेकतील, तोही माझ्या दिशेने. त्यांनी पंचाला बोलावलं. ऐकू येत होतं, मुद्दाम मोठ्याने बोलत होते. "त्याने सात सांगितला. मी मागितला नव्हता. आता मी आठनेच मारणार, म्हणजे कोणाला शंका नको." आणि आठनेच मारला. कमी पडला. मग मात्र आठ नंबर हवेत गेला आणि लांब पाण्यात पडला.

राखणदाराने मला फाटकाबाहेर काढलं. निकाल फाटकावरच्या फलकावर वाचला. साहेब दोन फटक्यांनी बाहेर राहिले. त्यातला एक माझा, असं वाटतं. सातने कदाचित झालं असतं, आणि मी तोंड उघडलं नसतं तर त्यांनी स्वतःच बदलला असता. हे मी किती वेळा मांडून पाहिलं, प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं.

गुरुवार, ५ डिसेंबर. सकाळी सव्वासात.

ताईने हलवून उठवलं. "ऊठ. भट्टीचा फोन आहे. पेटलेली आहे."

साहेबांनी नमस्कार-चमत्कार केला नाही. "तू गाढव आहेस. दोरीबाहेरून ओरडतात का? शिकलास काय दोन वर्षांत?"

"तुम्ही आठ का काढला?"

"तो हो-साहेब म्हणाला म्हणून!" मग म्हणाले, "आता ऐक. छोट्या स्पर्धा खेळायच्या मला वर्षभर. भिकार मैदानं, भिकार बक्षिसं. तिथे बिल्ला लागत नाही. मंगळवारी सकाळी सहाला फाटकाशी ये. आणि वेळेवर ये, नाहीतर येऊच नकोस."

ताई यंत्रामागून माझ्याकडे बघत होती. मला हो म्हणायचं होतं. हो साहेब म्हणायचं मात्र नव्हतं.

मी म्हणालो, "नोव्हेंबरच्या स्पर्धेच्या बक्षिसातला माझा हिस्सा तुम्ही दिलेला नाही. आधी तो द्या."

तिकडून जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी फोन कानापासून जरा लांब धरला आणि संपेपर्यंत थांबलो. मग पुन्हा म्हणालो, "आधी तो द्या. आणि उखडलेलं गवत मी बसवणार. ते माझं काम आहे."

"बसव, बसव! खा ते गवत!" फोन आपटला. हिशेबाचं काहीच बोलले नाहीत.

म्हणून इथे मांडून ठेवतो. मंगळवारी तोंडावर सांगायला लागेल तेव्हा घोटाळा नको.

खर्च: प्रेक्षकाची तिकिटं, दोन दिवसांची, २४०. बस, येऊन जाऊन, ६०. जेवण नाही.

देणं: ताईला ३००, कारण वरचे पैसे तिचेच.

येणं: साहेबांकडून नोव्हेंबरच्या स्पर्धेचा हिस्सा, ४,१५०. पहाटे सहाला मागणार. ओरडले तर ओरडू देत, मलाही येतं.